निषिद्ध ओवी: निष्ठा, रूप आणि शापोऱ्याचे दोन काठ

सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म 1714 मध्ये बांद्यास झाला. बांदा हे तेरेखोल नदीकाठचे गाव. आज ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोव्याच्या सीमेला लागून आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र सीमा तेथे नव्हती. पेडणे महाल सावंतवाडीकर सावंतांच्या अमलाखाली होता आणि 1788 मध्ये तो पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत दोन राज्यांमधील रेषा आणखी दक्षिणेला, शापोरा नदीने आखलेली होती. नदीच्या उत्तरेकडील लग्नघरांत स्त्रिया ओव्या म्हणत आणि त्याची दखल घेण्याचे कोणालाच कारण नव्हते. दक्षिणेकडील बार्देसात तीच ओवी गुन्हा ठरली. गोव्याच्या इन्क्विझिशनने 14 एप्रिल 1736 रोजी जाहीरनामा काढून देशी ख्रिस्ती लोकांना जे जे वर्ज्य ठरविले, त्यात विवाहप्रसंगी ओव्या म्हणणे हेही होते. सोहिरोबा तेव्हा बावीस वर्षांचे होते.

मराठी वाङ्मयेतिहासात या दोन काठांची गाठ सहसा पडत नाही. सोहिरोबा नाथपंथीय संतकवींच्या प्रकरणात येतात, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या स्वतंत्र प्रकरणात येते, आणि 1736 चा जाहीरनामा वाङ्मयेतिहासात येतच नाही. तो राजकीय इतिहासाच्या वा धर्मच्छळाच्या खात्यावर जमा असतो. ही वाटणी सोयीची असली तरी तिच्यामुळे एक प्रश्न निसटतो. छळाच्या काळात ईश्वराशी राखलेली निष्ठा वाङ्मयात कोणते रूप घेते? देशावरच्या संतपरंपरेने या प्रश्नाला आख्यानांनी उत्तर दिले आहे. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या, बादशहाच्या बोलावण्यापुढे विठ्ठलाच्या पायांवर देह ठेवणारी कान्होपात्रा, महाद्वाराबाहेर थांबलेला चोखामेळा अशी प्रसंगचित्रे चरित्रकारांनी घडविली आणि कीर्तनकारांनी ती घरोघर नेली. निष्ठा म्हणजे एक निर्णायक क्षण, ही अपेक्षा वाचकाच्या मनात तेथून रुजली. दक्षिण कोकणात व गोमंतकात असे क्षण नव्हते असे नाही. पण तेथील निष्ठेचा फार मोठा भाग क्षणांत सापडत नाही. तो रोजच्या रीतीत आहे, आणि या रीतीचा सर्वांत तपशीलवार लेख तिच्या शत्रूने लिहून ठेवलेला आहे.

तो लेख वाचण्यापूर्वी मागचा पट थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. तिसवाडीतील देवळांचा विध्वंस 1540 च्या सुमारास झाला. बार्देस व साष्टी हे महाल 1543 मध्ये पोर्तुगिजांकडे आले आणि साष्टीतील देवळे 1567 मध्ये पाडण्यात आली. इन्क्विझिशन 1560 मध्ये स्थापन झाले. 1774 मध्ये ते बंद होऊन 1778 मध्ये पुन्हा सुरू झाले आणि 1812 मध्ये कायमचे संपले. या काळात देव गावे सोडून गेले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, अशी ही स्थलांतरे आजही भक्तांच्या तोंडी आहेत. दिवाडी बेटावरच्या नार्वे गावचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून डिचोली महालात गेला, तेव्हा गावाचे नावही त्याच्याबरोबर गेले. नव्या नार्व्यातील त्याच्या देवळाचा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला. देवांमागून, कधी देवांच्याही आधी, माणसे निघाली. त्यांतील कित्येक घराणी उत्तरेस सरकत वेंगुर्ले-मालवणच्या किनाऱ्यावर स्थिरावली. लोटलीकर, चोडणकर, रायकर ही आडनावे म्हणजे मागे राहिलेल्या गावांची एकशब्दी बखर होय. यांपैकी प्रत्येक घराणे छळापायीच आले असे मानण्याचे कारण नाही. व्यापार, दुष्काळ, वतनाचे तंटे हीही कारणे होती. तरीही ज्या गावात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, त्याचे नाव पिढ्यान्पिढ्या स्वतःच्या नावामागे लावण्यात जे सातत्य आहे त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करू नये. जाहीरनाम्याने तसे दुर्लक्ष केलेले नाही. ख्रिस्ती लोकांनी हिंदू नावे व आडनावे वापरू नयेत, असे त्यात स्पष्ट बजावले आहे.

गोव्याच्या इन्क्विझिशनचे बहुतेक खटल्यांचे दप्तर 1812 नंतर नष्ट करण्यात आले. आरोपींचे जबाब, त्यांची उत्तरे, त्यांची मौने आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे उरलेल्या आज्ञापत्रांना विशेष मोल आले आहे. अ. का. प्रियोळकरांनी 1961 च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात 1736 चा जाहीरनामा अभ्यासकांसमोर ठेवला, तो मुख्यतः छळाचा पुरावा म्हणून. तो तसा आहेच. पण संहिता म्हणून तो वाचला की आणखी काही दिसू लागते.

प्रथम नजरेत भरते ती त्याची सूक्ष्मता. सोयरिकीच्या वेळी वधूवरांच्या घरी फुले, विड्याची पाने, सुपारी, तळलेले पदार्थ पाठवू नयेत. वधूवरांच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ, अबोलीची पाने लावू नयेत. मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री जागरण करू नये. माणूस गेला त्या जागी शेणाने सारवू नये. एकादशीस उपास करू नये. अंगणात तुळस लावू नये. असेल तर उपटून टाकावी. पुरुषांनी पुडवे नेसू नये, स्त्रियांनी चोळी घालू नये. भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालू नये, कारण तसे हिंदू करतात. चुलीवरच्या भांड्यात मीठ कोणत्या क्षणी पडते यावर नजर ठेवणारी सत्ता जगाच्या इतिहासात विरळाच. आणि ती स्वतःच्या भयाची इतकी प्रांजळ कबुली देते हे त्याहून विरळ. स्थापनेनंतर 176 वर्षांनी ही यादी द्यावी लागते, याचा अर्थ पाच-सहा पिढ्यांचा बाप्तिस्मा होऊनही मीठ मागाहूनच पडत होते.

येथे एक सावधगिरी हवी. इबेरियन द्वीपकल्पातील इन्क्विझिशनने यहुदी व मुसलमान मूळ असलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी अशाच याद्या चर्चमध्ये वाचून दाखविल्या होत्या: शुक्रवारी संध्याकाळी धुतलेले कपडे काढणारा, डुकराचे मांस टाळणारा संशयित समजावा. अशा याद्यांना स्वतःचे एक शैलीशास्त्र असते. मागच्या यादीची कलमे पुढच्या यादीत उतरतात आणि निरीक्षणापेक्षा दप्तराची सवय बोलू लागते. म्हणून जाहीरनाम्यातील प्रत्येक कलम म्हणजे बार्देसातील प्रत्येक घर असे समीकरण मांडता येत नाही. स्पेन-पोर्तुगालच्या बाबतीत इतिहासकारांनी आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदविली आहे. ग्रंथ हिरावले गेलेल्या गुप्त यहुद्यांना आपल्या पूर्वजांचे आचार कोणते, हे पुढे पुढे या याद्यांवरूनच कळू लागले. गोव्यात असे होण्याचे कारण नव्हते. पूर्वजांचा आचार पाहायला शापोरा ओलांडली की पुरे होते. नदीपलीकडे मावशी होती, मामा होता, देव होता. बार्देसातील ओवी टिकली ती केवळ स्मृतीच्या बळावर नव्हे. एका दिवसाच्या वाटेवर तीच ओवी कोणी तरी मोकळ्या आवाजात म्हणत होते.

आता ओवीच्या कलमाकडे येऊ. जाहीरनाम्याने ओवीतील आशयावर आक्षेप घेतलेला नाही. अमुक देवाचे नाव असलेली ओवी नको, तमुक चालेल, असा विवेक त्यात नाही. उघडपणे असो वा घराच्या आत, ओव्या म्हणायच्याच नाहीत. हा निषेध रूपाचा आहे. त्याचे महत्त्व कळायचे तर 120 वर्षे मागे, साष्टीतील रायतूरच्या मुद्रणालयापर्यंत जावे लागते.

स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये मृत्यू येईपर्यंत बहुतांश साष्टीतच राहिले. 1616 मध्ये रायतूरला छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. आरंभीच त्यांनी ग्रंथाची निर्मितिकथा सांगितली आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रीला म्हणतो की शिकवण उत्तम आहे, पण पूर्वीची पुराणे आम्हांला वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? या प्रश्नात केवढी पोकळी सामावली आहे ते पाहावे. पुराणे वर्ज्य कशी झाली, याची एक वार्ता जेसुइटांनीच लिहून ठेवली आहे. लुईश फ्रॉइश याच्या 1559 च्या पत्रात, मुख्य भूमीवरील एका ब्राह्मणाच्या घरावर धाड घालून त्याने आठ वर्षे खपून भाषांतरित केलेले व्यासाचे ग्रंथ आणल्याचा वृत्तान्त आहे. त्या ब्राह्मणाचे नाव उरलेले नाही. पोथ्या धर्मोपदेशकांच्या अभ्यासासाठी महाविद्यालयात गेल्या. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरविलेल्या रामायण-महाभारतकथांची व मराठी पद्यांची जी हस्तलिखिते विसाव्या शतकात अभ्यासकांना सापडली, तीही अशाच जिज्ञासेचे फळ होत. केळशीच्या कृष्णदास शामा यांनी 1526 मध्ये आरंभिलेल्या कृष्णचरित्राचा परिचय आपल्याला या हस्तलिखितांमुळे झाला. ज्या गावातून शांतादुर्गा निघून गेली, त्याच गावचा हा कवी. ज्यांनी पुराणे बंद केली त्यांच्याच कपाटात ती सुरक्षित राहिली, हा योगायोग सुखद म्हणवत नाही.

पुराण मागणाऱ्या त्या श्रोत्याला स्टीफन्सनी जे दिले ते ओवीत दिले. रूप ही रिकामी घागर आहे, जुने पाणी ओतून नवे भरता येते, अशी त्यांची धारणा असावी. निदान त्यांच्या प्रकल्पाचे गृहीतक तेच होते. ग्रंथाला पुराण म्हणावे, खंडांना पैले पुराण व दुसरे पुराण म्हणावे, वैकुंठ, मोक्ष, गुरु हे शब्द घ्यावेत आणि त्यांतून येशूचे चरित्र सांगावे. ते लोकांनी गावे, ऐकावे. प्रत्यक्षात तसेच झाले. ‘क्रिस्तपुराण’ चर्चमध्ये वाचले जाई आणि सतराव्या शतकातच त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या.

इन्क्विझिटरची धारणा याच्या नेमकी उलट होती. त्याच्या दृष्टीने घागर कधीच रिकामी होत नाही. ओवीच्या चालीला, तिच्या तीन चरणांना आणि आखूड चौथ्याला, ती म्हणताना बायका जशा गोलाकार बसतात त्या बसण्याला जुन्या देवाची आठवण असते. शब्द बदलले म्हणून ती जात नाही. साहित्यशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर स्टीफन्स रूप आणि आशय यांचे द्वैत मानतात, इन्क्विझिटर अद्वैत मानतो. आणि कटू असले तरी मान्य केले पाहिजे की रूपाविषयीची अधिक सूक्ष्म समज या दोघांपैकी दुसऱ्याची आहे. रूपबंध हा अर्थाचा वाहक नसून अर्थच असतो हे विसाव्या शतकातील समीक्षेने परिश्रमाने मिळविलेले ज्ञान त्याला तुरुंगाच्या किल्ल्यांबरोबर आयतेच मिळालेले होते.

मग लग्नात ओवी म्हणणारी ती बार्देसातील बाई कोणाशी एकनिष्ठ होती? जाहीरनामा देशी ख्रिस्ती लोकांना उद्देशून आहे. म्हणजे ती बाप्तिस्मा झालेली, रविवारी मिस्सेला जाणारी, मुलांना येशूची प्रार्थना शिकविणारी बाई आहे. इन्क्विझिटर म्हणतो, ती मनातून जुन्याच देवांची आहे. पुढच्या काळातील अभिमानी इतिहासकारही म्हणतो, ती मनातून जुन्याच देवांची आहे. एकाच्या वाक्यात दोषारोप आहे, दुसऱ्याच्या वाक्यात गौरव आहे, निदान मात्र एकच. हे एकमत समीक्षकाला खटकले पाहिजे. तिची ओवी कदाचित मरियेविषयीची असेल. स्टीफन्सच्या पिढीने तिच्या पणजीला जी ओवी हातात दिली तीच ती, चर्चच्या उंबऱ्याबाहेर, हळदीच्या वाटीजवळ म्हणत असेल; आणि ज्या देवाविरुद्ध द्रोह केल्याचा तिच्यावर आरोप आहे त्याच देवाला लग्नाचे आवतण देत असेल. तिचा देव कोणता हे ठरविण्याचे साधन आपल्याकडे नाही. तिचे धैर्य मात्र ठरविता येते. आईने म्हटली म्हणून आपण म्हणायची, ही मुळात निव्वळ सवय होती. कायद्याने तिचे नाव घेतले आणि त्या दिवसापासून ती सवय उरली नाही. शेजारीण पाद्रीला सांगेल, हे ठाऊक असताना म्हटलेली पहिली ओवी आणि त्याआधीच्या वर्षी म्हटलेली ओवी, शब्दशः एक असल्या तरी वेगळ्या संहिता आहेत.

हौतात्म्याची प्रकट उदाहरणे याच भूमीत आहेत आणि तीही असाच पेच उभा करतात. साष्टीतील कुंकळ्ळी येथे जुलै 1583 मध्ये पाच जेसुइट मारले गेले. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाव्हिवा हा त्याआधी अकबराच्या दरबारी राहून आलेला होता. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. चर्चने त्या पाच जणांना 1893 मध्ये ‘धन्य’ घोषित केले. गावाने आपल्या प्रमुखांची आठवण ठेवली, आणि कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्यास गेली. एकाच गावच्या मातीत दोन परस्परविरोधी हौतात्म्ये आहेत, आणि दोन्हींच्या मुळाशी देवावरची निष्ठा आहे.

ख्रिस्ती ओवीच्या वाट्यालाही पुढे निर्वासितपणच आले. 1684 मध्ये व्हाइसरॉयने देशी भाषेचा वापर बंद करून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचे फर्मान काढले. ‘क्रिस्तपुराणा’चा आधार त्याने तेथेच खचला. गोव्यातून दक्षिणेस कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र त्याच्या हस्तलिखित प्रती जपल्या. टिपू सुलतानाने 1784 मध्ये मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणास नेले, तेव्हा त्या बंदिवासात याच पुराणाने त्यांना धीर दिला, असे त्यांच्यात परंपरेने सांगितले जाते. जोसेफ सालदान्हा यांनी 1907 मध्ये मंगळूरला जी रोमन लिपीतील आवृत्ती काढली, ती या दक्षिणेकडील हस्तलिखितांच्या आधारे. रायतूरच्या मूळ छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. एका धर्माच्या लोकांनी देव उचलून उत्तरेस व पूर्वेस नेले, दुसऱ्या धर्माच्या लोकांनी पुराण उचलून दक्षिणेस नेले. निघताना दोघांच्याही मागे तीच सत्ता होती आणि दोघांच्याही तोंडी तोच छंद होता.

शापोऱ्याच्या उत्तरेस इन्क्विझिशन नव्हते, सत्ता होती. सोहिरोबांकडे बांद्याचे कुळकर्ण होते. सावंतवाडी दरबाराच्या तातडीच्या बोलावण्यावरून ते निघाले असता इन्सुलीच्या रानात फणसाचे गरे खाण्यासाठी थांबले; तेथे गहिनीनाथांचे दर्शन होऊन त्यांना अनुग्रह मिळाला आणि दरबारात पोचल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती वतनाच्या कामाचा राजीनामा देण्याची, असे परंपरा सांगते. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अक्षयबोध’, ‘महदनुभवेश्वरी’ ही त्यांची ग्रंथरचना आणि गावोगाव म्हटली जाणारी पदे त्यानंतरची. दरबाराच्या हुकमाच्या वाटेवर भूक लागून थांबणे, हा या आख्यानातील खरा सुंदर तपशील आहे. चरित्रकार दर्शनाचा प्रसंग रंगवितात. फणसाकडे त्यांचे फारसे लक्ष जात नाही.

सोहिरोबा उतारवयात उत्तरेकडे गेले. शिंद्यांचे सेनापती जिवबादादा बक्षी हे पेडणे महालातील केरीचे. त्यांच्यामुळे सोहिरोबांचा महादजी शिंद्यांच्या दरबारात प्रवेश झाला. महादजी स्वतः भक्तिपर कविता करीत. आख्यान असे की त्यांनी आपली कविता सोहिरोबांना दाखविली आणि अभिप्रायाची वाट पाहिली. सोहिरोबांनी स्तुती केली नाही. त्या रचनेत भक्तीचा अंश नाही असे सुचविले. महादजी संतापले, तेव्हा अवधूताला तुझी गरज नाही अशा अर्थाचे हिंदी पद म्हणून सोहिरोबा निघून गेले. 1792 मध्ये उज्जैनला ते अदृश्य झाले, असे मानले जाते. घटना जशीच्या तशी घडली की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. परंपरेने धैर्याचे आख्यान रचताना प्रसंग कोणता निवडला, हे महत्त्वाचे आहे. तो आहे कवितेच्या परीक्षणाचा प्रसंग. महादजींच्या रचनेत छंद होता, देवाचे नाव होते, परंपरेला मान्य असलेले सारे शब्द होते. तरीही त्यात भक्ती नाही, असे सांगणारा कवी रूपाविषयी तिसरी भूमिका मांडतो. ही स्टीफन्सची नव्हे आणि इन्क्विझिटरचीही नव्हे. रूपात देव आपोआप राहत नाही. ओवी म्हणणाऱ्याने तो तेथे प्रत्येक वेळी आणायचा असतो. आणि हे ज्याच्या तोंडावर सांगायचे तो स्वधर्मीय असला, आश्रयदाता असला, उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत प्रबळ सरदार असला तरी सांगायचे. या परीक्षणाला बार्देसातील ती बाई उतरली असती, असे मानायला हरकत नाही.

इन्क्विझिशन संपून दोन शतके उलटली. सिंधुदुर्गाचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत 2005 मध्ये अस्तित्वात आला. गोव्यातील ख्रिस्ती घरांत लग्नाआधी आजही ‘रोस’ होतो. वधूवरांच्या अंगाला नारळाचा रस चोळतात, तेल लावतात, आणि जमलेल्या बायका त्या त्या कृतीला धरून गाणी म्हणतात. आरंभी क्रूसाची खूण होते. येशूचे, मरियेचे नाव घेतले जाते. 1736 च्या यादीतील कलमे शोधायची तर ती येथे ओळीने सापडतात, आणि पाहुण्याला हा विधी अस्सल ख्रिस्ती म्हणूनच दाखविला जातो. गाण्यांना मात्र काही ठिकाणी ओवी म्हणत नाहीत. ‘वेर्स’ म्हणतात; शब्द पोर्तुगीज आहे.